प्रश्न निधीचा, उत्तर कुत्र्याचे

२३ सप्टेंबर ही तारीख अमेरिकेच्या राजकीय वक्तृत्वात दोन कुत्र्यांच्या नावे जमा आहे.

१९४४ साली या दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट वॉशिंग्टनमध्ये टीमस्टर्स या वाहतूक कामगारांच्या संघटनेच्या मेजवानीत बोलायला उभे राहिले. ते चौथ्यांदा निवडणूक लढवत होते आणि त्यांच्या प्रकृतीबद्दल कुजबुज सुरू होती. त्यातच विरोधकांनी एक वावडी उठवली होती. रूझवेल्ट यांचा फाला नावाचा स्कॉटिश टेरियर कुत्रा म्हणे दौऱ्यात अल्यूशियन बेटांवर मागे राहिला आणि त्याला आणायला करदात्यांच्या पैशाने युद्धनौका धाडली गेली. रूझवेल्ट गंभीर चेहऱ्याने म्हणाले, माझ्यावर, माझ्या बायकोवर, मुलांवर टीका होते, त्याचे आम्हाला काही वाटत नाही. पण फालाला मात्र वाटते. तो पडला स्कॉटिश. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून तो पूर्वीचा राहिलेलाच नाही! स्कॉटिश माणसाच्या काटकसरीची ख्याती ठाऊक असलेले श्रोते खो खो हसले आणि त्या हास्यात वावडी विरून गेली.

बरोबर आठ वर्षांनी, १९५२ साली, रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बसले. समर्थकांनी त्यांच्या राजकीय खर्चासाठी सुमारे १८,००० डॉलर्सचा निधी गुपचूप उभा केल्याची बातमी फुटली होती आणि उमेदवारी जाण्याच्या बेतात होती. अर्ध्या तासाच्या त्या भाषणात निक्सन यांनी एका भेटीची कबुली दिली. टेक्सासच्या एका माणसाने त्यांच्या मुलींसाठी काळेपांढरे कॉकर स्पॅनियल पिल्लू पाठवले होते. सहा वर्षांच्या ट्रिशियाने त्याचे नाव ठेवले चेकर्स. कोणी काहीही म्हणो, ते पिल्लू आम्ही परत करणार नाही, असे निक्सन यांनी ठणकावून सांगितले. सुमारे सहा कोटी लोकांनी हे भाषण पाहिले किंवा ऐकले. पाठिंब्याच्या तारा आणि पत्रांचा पाऊस पडला, आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर यांनी निक्सन यांना आपल्या जोडीला कायम ठेवले.

दोन्ही भाषणे गाजली आणि दोन्हींत कुत्र्याने नेत्याला तारले. तरी त्यांच्यात एक मोठा फरक आहे. फालावर खरोखरच आरोप झाला होता. रूझवेल्ट त्या आरोपाचे उत्तर देत होते. चेकर्सबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. प्रश्न निधीचा होता. भाषणात भावना आली म्हणून ते लबाड ठरत नाही. विचारलेल्या प्रश्नाच्या जागी भावना आणून बसवली, की लबाडी सुरू होते. अमेरिकी भाषणे ऐकताना हा एक निकष हाताशी असला तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात.

तीन आधार

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले. बोलणाऱ्याची पत आणि चारित्र्य म्हणजे ईथॉस, ऐकणाऱ्याच्या मनातील भावना म्हणजे पॅथॉस आणि प्रत्यक्ष युक्तिवाद म्हणजे लोगॉस. अमेरिकेने ही विद्या लवकर आत्मसात केली. जॉन क्विन्सी ॲडम्स १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्याआधी १८०६ पासून ते हार्वर्डमध्ये वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक होते. आजही तिथल्या हायस्कूलांत 'एपी इंग्लिश लँग्वेज' हा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एखाद्या उताऱ्याची किंवा भाषणाची अशी चिरफाड करणारा निबंध लिहावा लागतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलेही त्याला बसतात.

निक्सन यांच्या भाषणात तिन्ही मार्ग सापडतात. त्यांनी हिशेबतपासनिसांचा आणि वकिलांचा निर्वाळा वाचून दाखवला; हा लोगॉस. मग घरचा ताळेबंद मांडला. १९५० सालची ओल्ड्समोबिल गाडी, ४१,००० डॉलर्सचे वॉशिंग्टनमधले घर आणि त्यावर अजून फेडायचे २०,००० डॉलर्सचे कर्ज. आपल्या बायकोकडे मिंकचा महागडा कोट नाही, साधा कापडी कोट आहे, हेही सांगितले. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या राजवटीत मिंकच्या कोटांवरून गाजलेले प्रकरण श्रोत्यांना आठवत होते, त्यामुळे टोला कोणाला हे सांगावे लागले नाही. आम्ही तुमच्यासारखेच मध्यमवर्गीय आहोत, हा झाला ईथॉस. आणि चेकर्स हा पॅथॉस.

इथपर्यंत तक्रारीला फारशी जागा नाही. घोटाळा पुढे आहे. प्रतिस्पर्धी स्टीव्हन्सन आणि स्पार्कमन यांनीही आपले हिशेब जाहीर करावेत, अशी मागणी निक्सन यांनी केली. ते गप्प राहिले तर त्यांच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी आहे, असाच अर्थ होईल, असे वर सांगितले. यात दोन तर्कदोष आहेत. 'तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहात' या वाक्याने स्वतःवरचा डाग पुसला जात नाही; आणि मौन म्हणजे कबुली नव्हे.

वकिली युक्तिवाद कसा असतो

लोगॉसचा अस्सल नमुना हवा असेल तर अब्राहम लिंकन यांचे २७ फेब्रुवारी १८६० चे न्यूयॉर्कमधील कूपर युनियनचे भाषण घ्यावे. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला आळा घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. लिंकन यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस म्हणत, की घटनाकारांना हा प्रश्न आपल्यापेक्षा चांगला समजला होता. लिंकन यांनी ते मान्य केले आणि जुनी कागदपत्रे उपसली. राज्यघटनेवर सही करणारे ३९ जण. त्यांपैकी या प्रश्नावर कृतीने कौल दिल्याची नोंद सापडली २३ जणांची, आणि त्यातले २१ केंद्राच्या अधिकाराच्या बाजूचे निघाले. म्हणजे ३९ मधले स्पष्ट बहुमत. उरलेल्या १६ जणांच्या मतदानाची नोंद नाही, हेही त्यांनी सांगून टाकले.

बारकाईने पाहिले तर या युक्तिवादाचा पाया थोरामोठ्यांच्या शब्दावर आहे. 'पूर्वज म्हणाले म्हणून खरे' हा स्वतःच एक तर्कदोष होऊ शकतो. लिंकन यांना ते ठाऊक होते. पूर्वजांनी जे केले ते डोळे मिटून करावे असे माझे म्हणणे नाही, तसे केले तर आजवरचा अनुभव वाया जाईल, असे त्यांनी त्याच भाषणात बजावले. आपल्या युक्तिवादाची मर्यादा स्वतःहून दाखवणारा वक्ता विरळाच. आणि तसे केल्याने त्याची पत वाढते.

याचा अर्थ कोरडी आकडेवारी म्हणजेच सचोटी, असा कोणी घेऊ नये. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणात भावनेचा पूर लोटला होता. पण त्याच भाषणात त्यांनी अमेरिकेच्या स्थापनेच्या वेळी दिलेल्या समानतेच्या वचनाला न वटलेल्या धनादेशाची उपमा दिली. वचन कागदावर होते, ते कृष्णवर्णीयांच्या बाबतीत पाळले गेले नव्हते, आणि दोन्ही गोष्टी कोणालाही पडताळता येत होत्या. तिथे भावना युक्तिवादाची जागा बळकावत नव्हती, त्याला बळ देत होती.

भीतीचा बाजार

मत वळवायला सर्वांत कमी वेळ लागतो तो भीतीने. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग इथे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचे सांगितले. त्या भाषणाच्या वृत्तांतात २०५ हा आकडा आला. मग ५७ झाला. २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये ते ८१ प्रकरणांबद्दल बोलू लागले. आकडा बदलत होता, भीती तेवढीच होती. त्याच दिवशी ४० व्या प्रकरणाबद्दल ते म्हणाले, की या माणसाविषयी फारशी माहिती नाही. पण त्याचे कम्युनिस्टांशी संबंध नाहीत असे दाखवणारेही फायलीत काही नाही! हा तर्कदोष पाठ्यपुस्तकात घालावा इतका स्वच्छ आहे. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो; इथे आरोपीनेच आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे. सिनेटने मॅकार्थींची निंदा करणारा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केला, तो २ डिसेंबर १९५४ ला. तोवर अनेकांच्या नोकऱ्या आणि अब्रू गेली होती.

भीतीचा दुसरा अवतार म्हणजे घसरगुंडी: आज एक पाऊल टाकले, की थेट तळाशीच. १९६१ मध्ये वृद्धांना सरकारी आरोग्यविमा देण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अभिनेते रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची तबकडी काढली, आणि डॉक्टरांच्या बायका शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवू लागल्या. विमा आला की सरकार डॉक्टरांना कुठे राहायचे ते सांगेल, मग इतर व्यवसायांचा नंबर लागेल, आणि अखेर म्हातारपणी आपण नातवंडांना 'एके काळी अमेरिकेत माणसे स्वतंत्र होती' अशा गोष्टी सांगत बसू, असा त्या भाषणाचा सूर होता. ३० जुलै १९६५ रोजी या विम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, कायदा झाला. अमेरिका स्वतंत्रच राहिली. रेगन पुढे आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते; त्यांनी मेडिकेअर मोडीत काढले नाही, उलट १९८८ मध्ये त्याची व्याप्ती वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली.

मात्र घसरगुंडीची प्रत्येक भीती खोटी असते असेही नाही. आग्नेय आशियातील एक देश कम्युनिस्टांच्या हाती गेला की शेजारचे देश पत्त्यांसारखे कोसळतील, हा 'डॉमिनो'चा सिद्धांत आयझेनहॉवर यांनी ७ एप्रिल १९५४ च्या पत्रकार परिषदेत मांडला. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामबरोबर कंबोडिया आणि लाओसही गेले. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया मात्र उभे राहिले. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचे कारण वक्ता देतो का, हे तपासायचे असते. कारण दिले असेल तर तो अंदाज. नसेल तर बागुलबुवा.

तिसरा अवतार दोनच दारे दाखवण्याचा. जुळे मनोरे कोसळल्यावर नऊ दिवसांनी, २० सप्टेंबर २००१ रोजी, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी जगाला सांगितले, की एक तर तुम्ही आमच्याबरोबर आहात, नाहीतर दहशतवाद्यांबरोबर. शोकात बुडालेल्या देशाला या वाक्याने धीर दिला, पण जग दोन रकान्यांत मावत नव्हते. फ्रान्स आणि जर्मनी अफगाणिस्तानच्या मोहिमेत अमेरिकेसोबत गेले आणि २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याला त्यांनी कडाडून विरोध केला. तिसरे दार होतेच. भाषणातून ते गायब होते.

शितावरून भात, कावळ्यावरून फांदी

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली सगळी शिते सारखी शिजतात. माणसांचे तसे नसते. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सभांतून सांगत: ८० नावे, ३० पत्ते, आणि सरकारी मदतीची लूट. ती बाई काल्पनिक नव्हती. फसवणुकीबद्दल तिला पुढे शिक्षाही झाली. पण ती जितकी अजब, तितकीच ती अपवाद होती. श्रोते घरी जाताना मदत घेणाऱ्या तमाम गरीब आयांचे चित्र तिच्यावरून रंगवून गेले. खरी गोष्ट सांगूनही दिशाभूल करता येते, ती अशी.

हा दोष एकाच पक्षाच्या वाट्याला आलेला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांचे निम्मे समर्थक तिरस्करणीय माणसांच्या टोपलीत टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी 'निम्मे' म्हटल्याबद्दल खेद व्यक्त केला. १६ जून २०१५ च्या भाषणात ट्रम्प यांनी मेक्सिकोतून येणाऱ्यांना अमली पदार्थ, गुन्हेगारी आणि बलात्काराशी जोडले, आणि काही चांगलेही असतील असे शेवटी जोडून दिले. दोन्हीकडे समूह मोठा, पुरावा चिमूटभर.

आकड्यांचा वेश घेतलेला दोष ओळखणे अधिक अवघड. ५ सप्टेंबर २०१२ रोजी बिल क्लिंटन यांनी डेमोक्रॅटिक अधिवेशनात नोकऱ्यांचा हिशेब मांडला. १९६१ पासूनच्या ५२ वर्षांत रिपब्लिकन अध्यक्ष २८ वर्षे, डेमोक्रॅटिक २४ वर्षे. खासगी क्षेत्रात एकूण ६ कोटी ६० लाख नोकऱ्या वाढल्या. पैकी रिपब्लिकनांच्या काळात २ कोटी ४० लाख, डेमोक्रॅटांच्या काळात ४ कोटी २० लाख. सभागृह डोक्यावर घेतले गेले. आकड्यांची बेरीज बरोबर होती, पण त्यातून निघणारे कारण आपोआप बरोबर होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असू शकते.

ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या प्रिन्स्टनच्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला. डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या काळात अर्थव्यवस्था अधिक वेगाने वाढली, हे त्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मान्य आहे. पण त्या फरकाचा मोठा भाग त्यांनी तेलाच्या किमतीचे सौम्य धक्के, उत्पादकतेतील वाढ आणि अनुकूल जागतिक परिस्थिती यांच्याकडे नेला. यातले बरेचसे नशिबाच्या खात्यातले. ब्लाइंडर हे क्लिंटन यांचेच एके काळचे आर्थिक सल्लागार, म्हणून या निष्कर्षाला जास्त वजन.

बुजगावणे, टोपणनाव, विनोद

'काही लोक म्हणतात' अशी सुरुवात ऐकली की कान टवकारावेत. ३० एप्रिल २००४ रोजी इराकबद्दल बोलताना बुश म्हणाले, की ज्यांच्या कातडीचा रंग आपल्यासारखा नाही ते लोक स्वतःचे राज्य चालवू शकत नाहीत, असे मानणारे जगात पुष्कळ आहेत. इराक युद्धाचे प्रमुख टीकाकार असे म्हणत नव्हते. युद्धाची कारणे खोटी ठरल्याचे ते म्हणत होते. ओबामा यांनीही २००९ च्या शपथविधीच्या भाषणात आपल्या महत्त्वाकांक्षेच्या आवाक्याबद्दल शंका घेणारे 'काहीजण' उभे केले आणि त्यांना नाव दिले नाही. खऱ्या विरोधकाशी झुंजण्यापेक्षा बुजगावणे पाडणे सोपे, आणि दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

प्रतिस्पर्ध्यांना टोपणनावे ठेवण्याची कला ट्रम्प यांनी २०१६ मध्ये कळसाला नेली. 'खोटारडा टेड', 'छोटा मार्को', 'कपटी हिलरी'. नाव चिकटले, की त्या माणसाच्या धोरणावर बोलायची गरज उरत नाही. विनोदही हेच काम करतो, पण हसतमुखाने. २१ ऑक्टोबर १९८४ च्या वादसभेत ७३ वर्षांच्या रेगन यांना वयाबद्दल विचारले गेले. राजकीय फायद्यासाठी मी प्रतिस्पर्ध्याच्या कोवळ्या वयाचा आणि अननुभवाचा मुद्दा काढणार नाही, असे ते उत्तरले. ५६ वर्षांचे प्रतिस्पर्धी मॉन्डेलही हसले. उत्तर लाजवाब होते. फक्त त्यात प्रश्नाचे उत्तर नव्हते.

पत गहाण पडते तेव्हा

या सगळ्यांत महागात पडलेले भाषण भडक नव्हते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे संहारक अस्त्रे असल्याचा दावा तासाभराहून अधिक वेळ मांडला. उपग्रहांची छायाचित्रे, संभाषणांचे ध्वनिमुद्रण, अँथ्रॅक्सचे प्रमाण समजावण्यासाठी बोटांत धरलेली छोटी कुपी. वरवर पाहता हा शुद्ध लोगॉस. पण ती छायाचित्रे आणि फिरत्या प्रयोगशाळांचे वर्णन ऐकणाऱ्या सामान्य माणसाला यातले काहीही तपासता येत नव्हते. लोक पुराव्यावर विश्वास ठेवत नव्हते, पॉवेल यांच्यावर ठेवत होते. युद्धात नाव कमावलेला, मवाळ, सावध सेनानी खोटे कशाला बोलेल? अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. हे भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचे पॉवेल यांनी २००५ मध्ये मान्य केले. चारित्र्य खरे असले तरी ते पुराव्याला पर्याय नसते.

नाव ठेवले म्हणजे खोडून काढले नव्हे

तर्कदोषांची नावे कळली की एक नवे व्यसन लागू शकते: प्रत्येक वाक्यावर शिक्का मारायचा आणि जिंकल्याच्या थाटात बसायचे. युक्तिवाद लंगडा असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. मेडिकेअरविरुद्ध रेगन यांचे भाषण घसरगुंडीचे होते, पण सरकारी विम्याच्या खर्चाची काळजी हा त्यापलीकडचा रास्त प्रश्न होता आणि आजही आहे. न्यायदर्शनाने सत्य शोधण्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त पाडणारी वितंडा असे तीन प्रकार केले. प्रचाराचे भाषण बहुधा जल्पच असते. श्रोत्याने मात्र वितंडेत घसरू नये.

अमेरिकी अध्यक्षांच्या भाषणांच्या संहिता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील 'अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट'ने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. आवाज, संगीत, टाळ्या काढून टाकून कागदावर वाचले की भाषणाची हाडे दिसू लागतात. वाचताना तीन प्रश्न पुरतात. मूळ प्रश्न कोणता होता आणि त्याचे उत्तर मिळाले का? जे सांगितले ते मला, किंवा निदान एखाद्या त्रयस्थाला, तपासता येईल का? आणि हेच वाक्य विरुद्ध पक्षाच्या नेत्याने उच्चारले असते तर मला तितकेच पटले असते का? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण न आवडणाऱ्या नेत्याच्या बोलण्यातले दोष आपल्याला न शिकताही दिसतात. म्हणून सराव करायचा असेल तर सुरुवात आपल्या लाडक्या वक्त्यापासून करावी, आणि त्यातही ज्या वाक्याला आपण सर्वांत जोरात टाळी वाजवली होती, त्या वाक्यापासून.